देवाचे पान आणि मांजराचे पान

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीचा दिवस उजाडला, की नीरेच्या खोऱ्यातील आणि वेल्ह्याच्या मावळातील घराघरांतून वांगी भाजल्याचा खमंग वास सुटतो. प्रतिपदेला बसलेले मल्हारी मार्तंडाचे नवरात्र आज उठते. तळी भरली जाते, भंडारा उधळला जातो, आणि बाजरीचे रोडगे व वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य देवापुढे मांडला जातो. कांदेनवमीला कांद्यालसणाचा निरोप घेतलेली कित्येक घरे चातुर्मास संपल्यावरही आपला नेम सोडीत नाहीत. तो नेम चंपाषष्ठीच्या नैवेद्यानेच सुटतो. म्हणून आजच्या भरितात पातीचा कांदा सढळ हाताने पडतो, आणि लसणाची फोडणीही बसते.

या दिवसाची आणखी एक हृद्य रीत आहे. खंडोबारायाच्या सान्निध्यात श्वान असतो, म्हणून देवाच्या पानाबरोबर कुत्र्याच्याही नावाने रोडगा काढला जातो. ज्या धर्मात देवाच्या पंगतीला मुके जनावर बसते, त्या धर्माचे वैभव निराळे सांगावयास नको. मात्र या दिवशी आणखी एक प्राणी चुलीपाशी अंग चोरून, शेपूट पायांभोवती लपेटून बसलेला असतो. रोडग्यावर त्याचा परंपरेने हक्क नाही, पण घरातील लेकराबाळांच्या हातचा घास त्याला हटकून मिळतो. तो प्राणी म्हणजे घरचे मांजर. आज मला त्या घासाविषयी लिहावयाचे आहे.

प्रथम माझा अपराध सांगतो. बारा वर्षांमागची गोष्ट. आमच्या घरी एक मांजरी होती. महाराष्ट्रात मांजरीला जे नाव हटकून ठेवतात तेच तिचेही होते, मनी. मल्हारीने वधिलेल्या दैत्याचे नावही मणीच, म्हणून मी विनोदाने म्हणत असे, की खंडोबाने मणीला जेजुरीत आपल्यापाशी जागा दिली, आम्ही आमच्या मनीला कोठीपाशी दिली. इंद्रायणी तांदळाच्या कणगीला तिच्या हयातीत उंदीर शिवला नाही. त्या वर्षीच्या चंपाषष्ठीला मी स्वतः माझ्या पानातले भरीत लोणी व दही घालून कालविले आणि तिच्यापुढे ठेवले. लोण्याच्या लोभाने तिने ते चाटूनपुसून खाल्ले. घरात कौतुक झाले. भरीत उरले होते, म्हणून दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या दिवशी तिने अन्नास तोंड लावले नाही. चौथ्या दिवशी ती कणगीमागे धापा टाकीत पडलेली आढळली. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या, लघवी लालसर काळपट होत होती. पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी तपासून पहिलाच प्रश्न केला, “हिच्या खाण्यात कांदा आला होता काय?” मी ‘देवाचा प्रसाद दिला होता’ एवढेच उत्तर देऊ शकलो. त्या रात्री ती गेली.

शास्त्र शिकलेल्या मनुष्याला अशा वेळी स्वस्थ बसवत नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजराच्या हत्येला प्रायश्चित्त सांगितले आहे. आपल्या आयाआज्या त्याहून सोप्या भाषेत सांगत, की हातून मांजर मेले तर सोन्याचे मांजर घडवून काशीला नेऊन सोडावे लागते. सोन्याचे मांजर घडविण्याची कीर्तनकाराची ऐपत नाही. तेव्हा जे मी अज्ञानाने केले ते इतरांनी करू नये, एवढे सांगत राहणे हेच माझे प्रायश्चित्त मी मानले आहे. प्रस्तुतचा लेख हा त्यातलाच एक भाग होय.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. प्राणिमात्राला घास देणे हा गृहस्थाचा धर्म आहे, याविषयी दुमत नाही. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ तो हाच. वैश्वदेवानंतर कुत्रे, पक्षी, कृमी यांच्यासाठी अन्न काढावे असे मनुस्मृतीचा तिसरा अध्याय सांगतो, आणि ते फेकावे असे न म्हणता हळुवारपणे भूमीवर ठेवावे असे म्हणतो. नामदेवरायांची कथा तर प्रत्येक कीर्तनकाराच्या ओठांवर आहे. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ती कोरडी कशी खाशील म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ही कथा सांगताना आजवर माझा भर नामदेवांच्या धावण्यावर असे. आता तो वाटीवर असतो. पोळीबरोबर काय शोभेल, खाणाऱ्याला काय हवे, याचा विचार त्या वाटीत होता. निव्वळ देण्याचे सुख देणाऱ्याला मिळते. घेणाऱ्याचे हित पाहिले तरच ते दान होते.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना देश आणि काल यांच्या बरोबरीने पात्राचा विचार सांगितला आहे. तेथे ‘पात्र’ म्हणजे दानाला योग्य मनुष्य, हा अर्थ मला ठाऊक आहे. परंतु पात्र म्हणजे भांडेही होय. ताकासाठी पितळेचे पात्र चालत नाही, कारण त्यात ताक कळकते. तद्वत् प्रत्येक देहाचे पात्र निराळ्या धातूचे असते. देवांच्या बाबतीत आपण हा विवेक किती काटेकोरपणे पाळतो! गणपतीला तुळस वाहत नाही, शंकराला केवडा वाहत नाही, विष्णूला अक्षता वाहत नाही, देवीला दूर्वा वाहत नाही. चूक झाली तर चुकचुकतो, क्षमा मागतो. देव भावाचा भुकेला आहे, त्याला तुळस वाहिली म्हणून त्याच्या प्रकृतीस अपाय होत नाही. मांजराची गोष्ट तशी नाही. तेथे भाव शुद्ध असूनही चूक प्राणावर बेतते, हे मी पाहिले आहे. मग जो विवेक देवाच्या पानाला, तो मांजराच्या पानाला का नसावा?

आजच्या तिथीचाही मांजराशी संबंध आहे. षष्ठी देवी हे बालकांचे रक्षण करणारे दैवत. आपल्याकडे तिलाच सटवाई म्हणतात, आणि बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री ती भाळी लेख लिहावयास येते असे मानतात. देवीभागवतात तीच स्कंदाची देवसेना म्हटली आहे. या षष्ठीचे वाहन मांजर. बंगालातील षष्ठीव्रताच्या कथेत घरची सून चोरून खाते आणि आळ मांजरावर घालते. ते मांजर देवीचे, म्हणून तिच्या लेकरांवर संकट येते, आणि ती शरण गेल्यावरच टळते. संस्कृत वाङ्मयाने मांजराला बरेचदा ढोंगी ठरविले, दांभिकाला ‘बैडालव्रतिक’ हे नावही दिले. परंतु लोकांच्या श्रद्धेने त्याला बाळंतिणीच्या रक्षणकर्तीचे वाहन केले, हे ध्यानी घ्यावे.

आता काय अपायकारक, काय निरुपद्रवी, ते क्रमाने पाहू.

पहिला मान कांद्यालसणाला. कांदा, लसूण, पातीचा कांदा ही सारी एकाच कुळातील. त्यांतील गंधकयुक्त द्रव्ये रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नाहीशी होत जाते. मनुष्याला जे पचते ते मांजराच्या रक्ताला सोसत नाही. या बाबतीत मांजर कुत्र्याहूनही नाजूक आहे. देहाच्या वजनाच्या दर किलोमागे ५ ग्रॅम एवढा कांदाही मांजराच्या रक्तात बिघाड करण्यास पुरेसा होतो, असे पशुवैद्यकाचे ग्रंथ सांगतात. म्हणजे तीन किलोच्या मांजरीला १५ ग्रॅम, मोठे दीड चमचे चिरलेला कांदा! लसूण त्याहूनही तीव्र. शिजविल्याने, तळल्याने वा वाळवून पूड केल्याने हा दोष जात नाही. परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो. म्हणून घरच्यांना कारण आठवत नाही. भरितातल्या वांग्यापेक्षा खरी भीती या कांद्यालसणाची आहे. भाजी, आमटी, मटणाचा रस्सा, मसाला घातलेले मासे, चिवड्यातला तळलेला कांदा या साऱ्यांना हाच नियम लागू. कुत्र्यालाही कांदा बाधतोच. म्हणून आज त्याला नुसता रोडगा द्यावा, त्यावर भरीत घालू नये.

दुसरे, चॉकलेट. सणावारी बर्फीवर आणि लाडवांतही आता ते येऊ लागले आहे. त्यातील थिओब्रोमीन आणि चहा-कॉफीतील कॅफीन मांजराच्या हृदयाला व मज्जासंस्थेला घातक होते. तिसरे, द्राक्षे व बेदाणे. यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मांजरांत ती थोडी आढळली तरी शिऱ्यातला बेदाणा काढून टाकणे कठीण नाही. श्रीखंडात वा पुरणात जायफळ अधिक पडले असेल तर तेही मांजराला देऊ नये. आंबवलेले कच्चे पीठ, मद्य आणि फार खारट पदार्थ हे सारे वर्ज्य समजावे. शिजविलेली हाडे चिरफळतात, त्यांचे अणकुचीदार तुकडे घशात वा आतड्यात रुततात. तीही देऊ नयेत.

गोडाची तर एक मौजेची गोष्ट आहे. २००५ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की गोड चव ओळखण्यास जी जनुके लागतात त्यांतील एक मांजराच्या जातीत निकामी झालेले आहे. वाघसिंहांचीही तीच गत. म्हणजे आपण पेढा भरविला, तर मांजराला त्यातला स्निग्धांश कळतो, गोडी कळत नाही. पुरणपोळीचा कण चुकून पोटात गेला म्हणून घाबरावयास नको, परंतु ती भरविण्यात मांजराचे काही सुख नाही. जे सुख आहे ते आपले.

आता दुधाकडे येऊ. मांजर डोळे मिटून दूध पिते ही म्हण आपण सारे शिकलो, आणि मांजर म्हणजे दूध हे समीकरण मनात बसले. वस्तुतः पिलू आईचे दूध सोडून मोठे झाले, की दुधातील साखर पचविणारा रस त्याच्या पोटात कमी होत जातो. मोठ्या मांजराला वाटीभर दूध पाजले तर पुष्कळदा हगवण लागते. चमचाभर गोड दही वा किंचित लोणी बहुतेकांना सोसते. आई हरवलेल्या पिलांनाही गाईचे दूध मानवत नाही. त्यांच्यासाठी निराळी दुधाची भुकटी पशुवैद्यांकडे मिळते. वाटीत दूध नसले तरी चालेल, स्वच्छ पाणी मात्र सदैव असावे.

आता सर्वांत अवघड गोष्ट सांगावयाची आहे. ती या पानाच्या वाचकांना रुचेल की नाही, याची शंका असूनही सांगतो. शाकाहारी घरातील मांजर दूधभातावर जगू शकत नाही.

पूर्वी जगत होते, असे कोणी म्हणेल. पूर्वी ते दूधभातावर जगत नव्हते. दूधभात आपण घालीत होतो आणि उंदीर ते स्वतः मारीत होते. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत, गवताच्या गंजीत, कणगीखाली त्याचे खरे ताट मांडलेले असे, आणि ते आपल्या सोवळ्याच्या दृष्टीआड होते. आता आमच्या गावची मुले पुण्यात सदनिकांत राहतात. तेथे मांजर चौथ्या मजल्यावर बंद दारांआड असते. उंदीर नाही, चिमणी नाही, आणि पुढ्यात दूधभात. ‘आमची मांजर शुद्ध शाकाहारी आहे, एकादशीसुद्धा करते’ असे अभिमानाने सांगणारे यजमान मला कीर्तनाच्या निमित्ताने भेटलेले आहेत. त्यांच्या भक्तीविषयी मला आदर आहे, पण त्या मांजरीविषयी चिंता वाटते.

कारण असे, की टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराच्या देहाला पुरेसे तयार करता येत नाही. ते मांसातूनच मिळते, वनस्पतींत जवळजवळ नसते. ते न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजून आंधळेपण येते, हे १९७५ साली सिद्ध झाले. त्याच उणिवेने हृदयाचा स्नायू दुबळा होऊन मांजर दगावते, आणि वेळीच टॉरिन दिल्यास ते हृदय सावरते, हे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी दाखविले. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात हे द्रव्य अधिक प्रमाणात घातले जाऊ लागले. ‘अ’ जीवनसत्त्वाचीही तीच कथा. आपण गाजरातून ते करून घेतो, मांजराला ते करता येत नाही. उपवासाचे म्हणाल, तर मांजर काही दिवस उपाशी राहिले, विशेषतः ते स्थूल असले, तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. एकादशी आपली आपण करावी.

जीव हा जीवाचा आहार आहे, हा सृष्टिक्रम भागवतानेही नाकारलेला नाही. मांजराने मांस खाणे हा त्याचा अधर्म नव्हे, तो त्याचा देहधर्म होय. अहिंसेचे व्रत घेणाऱ्याने ते आपल्या जिभेवर घ्यावे, दुसऱ्याच्या आतड्यावर लादू नये. आणि उपासमारीने एखाद्या जिवाला आंधळे करणे ही हिंसा नव्हे काय? भक्तिशास्त्रात मार्जारकिशोर न्याय सांगितला आहे. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून असते. मांजराचे पिलू काहीच धरीत नाही, आई जेथे ठेवील तेथे राहते. भक्ताने देवावर असा भार टाकावा, असे आपण श्रोत्यांना सांगतो. ज्या मांजरापुढे आपण दार लावून घेतले, त्याने तसाच सारा भार आपल्यावर टाकलेला असतो. त्याचे ताट आपण हिरावले, तेव्हा त्याला ताट देणे आता आपल्याकडे आले.

मग सोवळ्याच्या घराने काय करावे? माझ्या मते मार्ग तीन आहेत. पहिला, मागल्या पडवीत वा गच्चीत मांजराची वेगळी थाळी ठेवावी आणि मांजरांसाठीचे कोरडे तयार खाद्य तेथे घालावे. ते शिजवावे लागत नाही, स्वयंपाकघरात आणावे लागत नाही. दुसरा, ज्या घरात मांसाहार होतो त्यांनी हळदमिठाव्यतिरिक्त काहीही पडण्यापूर्वी, शक्य तर मिठाच्याही आधी, कोंबडीचे वा माशाचे तुकडे निराळे उकडून काटे व हाडे काढून द्यावेत. उकडलेले पाणी फेकू नये, टॉरिन त्या पाण्यात उतरलेले असते. भाटघरच्या जलाशयातील मासे आमच्याकडे मिळतात. तेही कच्चे न देता शिजवूनच द्यावेत, कारण काही जातींच्या कच्च्या माशांमुळे मांजरात ‘ब’ जीवनसत्त्वाची उणीव पडते. मात्र नुसत्या उकडलेल्या मांसानेही सर्व गरजा भागत नाहीत, म्हणून तयार खाद्याची जोड असावी. तिसरा मार्ग असा, की वरील दोन्ही ज्यांना शक्य नाहीत त्यांनी मांजर बंद घरात पाळू नये. गाईला घास घालावा, पक्ष्यांना दाणे टाकावेत. पुण्याची वाण पडणार नाही.

उकडलेले अंडे, किंचित मऊ भात, उकडलेल्या लाल भोपळ्याची एखादी फोड एवढे मांजराला वरखाणे म्हणून चालते. ते त्याचे जेवण नव्हे.

आणखी दोन सूचना करतो. मांजराला बरे नसले तर घरातील तापाची गोळी मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. आणि विषारी काही पोटात गेल्याची शंका आली, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय करू नये, त्याने अधिक अपाय होतो. काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले हे लक्षात ठेवून तडक पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मी चार दिवस दवडले. कदाचित तेवढेच निर्णायक ठरले असतील.

असो. आज दुपारी देवाचे पान मांडाल, त्यावर भरीत वाढाल, कांद्याची पात ठेवाल, श्वानाचा रोडगा काढाल. त्याच वेळी पायांत घोटाळणारा जीव वर पाहून ओरडेल. तुमच्या पानातला घास त्याला देऊ नका. तुम्ही पाटावर बसण्यापूर्वी उठून पडवीत जा आणि त्याच्या थाळीत त्याचे अन्न हळुवारपणे ठेवा. आमच्या कणगीपाशी आता दुसरी मनी आहे. तिचे पान मी चंपाषष्ठीला देवाच्या पानाआधी वाढतो. देवाने आजवर त्याचा राग मानलेला नाही.